दात आधी की चहा

विष्णुपंत मोघे यांनी आयुष्यात एकाही पत्राचे उत्तर चुकवले नव्हते. दिवाळीच्या छापील शुभेच्छापत्रालासुद्धा ते स्वतंत्र पोच लिहीत. असा माणूस कडेगावच्या लालासाहेब यादवांच्या आंतरदेशीय पत्राला श्रावण गेला, दिवाळी गेली, संक्रांत तोंडावर आली तरी उत्तर देऊ शकला नव्हता. पत्र टेबलावर चष्म्याच्या घराखाली होते. चष्मा काढताना दिसे, ठेवताना दिसे, आणि दोन्ही वेळा पंतांना अपराध्यासारखे वाटे.

लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आलेले, घरचा ऊस. बोलत तसेच लिहीत. पत्र असे होते :

“पंतास्नी रामराम. आमच्या घरात दातावरनं तंटा लागला हाय. मला फौजेपासनं सवय, डोळं उघडलं की मगात च्या पायजे. दात मागनं. नवी सूनबाई पूजा सांगलीची. ती म्हणती, दात घासल्याबिगर च्या मिळणार न्हाई. मी म्हणलं, बॉर्डरवर मला कुणी दात इचारलं न्हाईत. ती म्हणली, ही बॉर्डर न्हाई, सैपाकघर हाय. आता भावकीसमोर ठरलंय, पंत सांगतील ते खरं. माजं चुकलं तर मी रानातल्या वस्तीवर ऱ्हायला जातो. तिचं चुकलं तर ती आन माजं पोरगं वीरधवल सांगलीला बिऱ्हाड करत्यात. तरी बुकं बघून, आधी का मागनं, येवढं कळवावं. घाई हाय.”

पंत सांगतील ते खरं, हे लालासाहेबांनी कशावरून ठरवले? सांगलीच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मोतीबिंदूसाठी दोघांच्या खाटा शेजारी होत्या. पंतांनी उघड्या डोळ्याने त्यांना रोजचे वर्तमानपत्र वाचून दाखवले, अगदी हरवले-सापडलेसकट. तेवढ्यावरून, या माणसाला ठाऊक नाही असे जगात काही नाही, अशी लालासाहेबांची खात्री झाली. पंतांची स्वतःबद्दलची खात्री नेमकी उलटी होती. ग्रंथालयात सबंध नोकरी केल्यामुळे, आपल्याला काय काय ठाऊक नाही, हे त्यांना विषयवार माहीत होते.

दुसरा कुणी पाच मिनिटांत कार्ड लिहून मोकळा झाला असता. पंतांनीही लिहायला घेतले. ‘आधी’ हा शब्द कागदावर उतरला आणि हात थांबला. कशावरून? स्वतः ते मुंज झाल्यापासून चहाच्या आधीच दात घासत आले होते. पण सवय म्हणजे पुरावा नव्हे. आणि या एका शब्दापायी एक म्हातारा शिपाई रानातल्या छपरात जाऊन राहणार. ‘नंतर’ लिहावे, तर एक नवे जोडपे घराबाहेर. पंतांनी कागद बाजूला ठेवला आणि वाचनालयाची वाट धरली.

तिथे तीन पुस्तके सापडली. पहिल्यात सूर्य उगवायच्या आत कडू काडीने दात घासावेत असे होते. चहाचा उल्लेखच नव्हता, कारण पुस्तक चहाच्या आधीचे होते. दुसऱ्यात खाल्ल्यानंतर घासावेत असे होते. तिसऱ्यात आधीही आणि नंतरही होते. पण त्याच्या मलपृष्ठावर दंतमंजनाची जाहिरात असल्यामुळे पंतांना तो साक्षीदार निःपक्षपाती वाटेना. शेवटी त्यांनी प्रयोग करायचे ठरवले. संशोधकाने आधी स्वतःवर प्रयोग करावा, अशी त्यांची समजूत होती.

“उद्या मला दात घासायच्या आधी चहा दे,” त्यांनी विनोदिनीबाईंना सांगितले.

“बरं वाटत नाही का?”

“बरं आहे. अभ्यास आहे.”

“कसला?”

“दातांचा.”

विनोदिनीबाईंनी पुढे काही विचारले नाही. संसारात कुठल्या उत्तरानंतर प्रश्न विचारायचे नाहीत, याचा त्यांचाही अभ्यास होता. सकाळी त्यांनी कप आणला आणि मागच्या खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवला. त्या कट्ट्यावर एरवी मांजराला दूध मिळे.

“पारोशा तोंडाचा कप माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही,” त्या म्हणाल्या. “अभ्यास बाहेर करा.”

पंत बंडी घालून, कानाला मफलर गुंडाळून बाहेर उभे राहिले आणि चहा पिऊ लागले. चव नेहमीसारखीच होती की निराळी, याचा विचार चालला असताना शेजारचे निकम गुरुजी दुधाची किटली घेऊन आले आणि थबकले.

“पंत, काढलं का घराबाहेर?”

“नाही, नाही. माझं मीच.”

“स्वतःहून निघालात? मग तर अवघड आहे,” गुरुजी म्हणाले आणि हळहळत पुढे गेले.

संध्याकाळपर्यंत मोघ्यांच्या घरात चूल वेगळी झाल्याची बातमी कॉलनीभर गेली. रात्री निकमबाईंनी पंतांपुरती खिचडी पाठवली, वर लिंबाची फोड. विनोदिनीबाईंनी ती डबा उघडून पाहिली, पुन्हा बंद केली आणि चार दिवस पंतांशी फक्त मांजरामार्फत बोलल्या. निष्कर्ष काहीच निघाला नाही. चहा आधी घेतल्याने दातांना काय होते ते कळायच्या आत डोक्याला काय होते ते कळले.

गैरसमज दूर करायला पंतांनी गुरुजींना सगळी हकीकत सांगितली. गुरुजी मूळचे दुष्काळी वडूजचे. ते म्हणाले, “आमच्याकडं आधी की नंतर हा प्रश्नच नव्हता. पाणी आहे का, एवढाच होता. पण तुम्ही असं करा. दाताचा प्रश्न आहे ना, मग दाताच्या डॉक्टरला विचारा. बुकं काय सांगणार, बुकांना दात असतात का?”

साताऱ्यात मोती चौकाच्या अलीकडे डॉक्टर देवदत्त म्हणून एका तरुणाने नवा दवाखाना काढला होता. पंत वाटेत प्रश्न घोकत गेले. ‘डॉक्टर, मला काही होत नाही, मी केवळ एक शंका विचारायला आलो आहे.’ वाक्य चांगले होते. ते म्हणता आले असते तर कथा इथेच संपली असती. पण आत पाऊल टाकताच डॉक्टरांनी त्यांना खुर्चीवर निजवले, दिवा डोळ्यांवर ओढला आणि म्हणाले, “आ करा.” वडीलधाऱ्यांपासून डॉक्टरांपर्यंत कुणाच्याही आज्ञेचा भंग पंतांनी केला नव्हता. त्यांनी आ केला. आ केलेल्या माणसाला शंका विचारता येत नाही, हे त्यांच्या फार उशिरा लक्षात आले.

डॉक्टरांनी मागच्या एका दाढेवर टकटक केले. “इथं दुखतं?”

दुखत नव्हते. पण इतक्या आपुलकीने विचारणाऱ्या माणसाला साफ नाही म्हणायचे, म्हणजे त्याच्या विद्येचा अपमान. पंतांनी “अं” असा आवाज काढला. त्याचा अर्थ त्यांच्या मते ‘सांगता येत नाही’ असा होता. डॉक्टरांनी त्याचा अर्थ सुईने लावला.

थोड्या वेळाने दाढ पांढऱ्या ताटलीत पडली होती आणि पंतांच्या गालात कापूस होता. “हलतच होती आजोबा, आज ना उद्या गेलीच असती,” डॉक्टर म्हणाले. हे वाक्य आपल्या कुठल्याही भागाविषयी खरे आहे, असे पंतांना वाटून गेले. तरीही आलो त्या कामाचे विसरायचे नाही म्हणून, कापसाच्या आडून एकेक अक्षर जुळवीत त्यांनी विचारले, “डॉक्टर, सकाळी दात केव्हा घासावेत?”

“उद्या घासूच नका,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावले.

घरी विनोदिनीबाईंनी सुजलेला गाल नीट पाहून घेतला. “विचारायला गेला होतात,” त्या म्हणाल्या, “की द्यायला?”

एवढे झाल्यावर शहाण्या माणसाने नाद सोडला असता. पण आता प्रश्नापायी रक्त सांडले होते. निकम गुरुजींनी तर कमरच कसली. “एका डॉक्टरचं काय घेऊन बसलात. लोकांचं मत घ्या. आपल्या सोसायटीतली सगळी घरं शिकलेली. कोण केव्हा दात घासतो, एवढं विचारलं की झालं.”

“कसं विचारायचं? खाजगी गोष्ट आहे.”

“तोंडी विचारलं तर खाजगी. लेखी विचारलं की सार्वजनिक.”

सोसायटीचे सचिव शिंगटे साहेब. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. पण निवृत्तीची बातमी त्यांनी स्वतःपर्यंत पोहोचू दिली नव्हती. त्यांच्या बैठकीच्या खोलीत आवक-जावकचे दोन ट्रे होते, आणि घरची भाजीची पिशवीसुद्धा आधी आवकमध्ये जाते असे लोक म्हणत. पंतांचा अर्ज त्यांनी दोनदा वाचला.

“विषय काय लिहिलाय? ‘सभासद सकाळी दात केव्हा घासतात याची माहिती मिळणेबाबत.’ पंत, असा विषय आपल्या दप्तरी नाही. आपल्याकडं पाणी, गटार, दिवे आणि मोकाट कुत्री.”

“मग राहू दे.”

“राहू दे कसं? अर्ज आत आलाय.” साहेबांनी तांबडी पेन्सिल उचलली. “दात घासायला लागतं काय?”

“पावडर.”

“आणखी?”

“पाणी.”

“मग पाणी,” साहेब म्हणाले आणि त्यांनी अर्जाच्या कोपऱ्यात ‘पाणी’ असे लिहून खाली रेघ मारली. पंतांना काहीतरी चुकते आहे असे वाटले. पण तांबड्या पेन्सिलीने रेघ मारून झालेल्या माणसाला हरकत कशी सांगायची, या विचारात ते नमस्कार करून बाहेर आले.

पंधरवडा गेला. मग एके दिवशी फळ्यावर परिपत्रक लागले. ‘सभासद श्री. मोघे यांच्या सकाळी दात घासण्याच्या वेळेसंबंधीच्या अर्जास अनुसरून, टाकीचा पंप येत्या सोमवारपासून पहाटे चार ते पाच सुरू राहील. सभासदांनी त्या वेळेत दात घासून घ्यावेत.’

सोमवारी पंप सुरू झाला आणि त्या घरघरीने सगळी सोसायटी एकदम उठली. घराघरांत दिवे लागले. गॅलऱ्यांमधून तोंडात ब्रश धरलेली माणसे उभी राहिली, आणि सगळ्यांच्या नजरा मोघ्यांच्या खिडकीवर. दूधवाला जोतिबा सायकल टेकवून म्हणाला, “आवं, मला वाटलं समदी एकदम जत्रंला निगाली म्हसवडला.” पंत पडद्याआड उभे होते. निकम गुरुजींनी भिंतीवरून अतिशय अदबीने हाक मारली. “पंत, माझे झाले. आता पुन्हा झोपू का, की आणखी काही आहे?”

पंत त्याच दिवशी अर्ज मागे घ्यायला गेले. शिंगटे साहेबांनी मान हलवली. “तुमचा अर्ज मंजूर झालाय पंत. मंजूर अर्जावर हरकत घ्यायचा अधिकार अर्जदाराला नसतो. दुसऱ्यानं घ्यावी लागते.”

दुसऱ्यांनी घेतल्या. साहेबांनी प्रत्येक हरकतीला क्रमांक दिला आणि सुनावणी वार्षिक सभेत ठेवली. वार्षिक सभा पावसाळ्यात असते. वाटेत लोक पंतांना पाहून दात दाखवू लागले. त्यातले कोण हसत होते आणि कोण पुरावा सादर करत होते, हे पंतांना ओळखता येईना.

“आता पुरे झालं,” विनोदिनीबाई म्हणाल्या. पहाटे चारला पाणी भरून त्यांची कंबर धरली होती. “बसा. पत्र लिहा. चहाच्या आधी.”

“पण कशावरून?”

“मी सांगते म्हणून.”

पंतांनी लिहिले. ‘दात चहाच्या आधी घासावेत, असे खात्रीलायक गोटातून समजते.’ पाकीट बंद केले आणि पुन्हा शंका आली. इतके महिने गप्प राहायचे, आणि मग एका म्हाताऱ्याला पोस्टाने घराबाहेर काढायचे? हे तोंडावर सांगायला हवे. शिवाय चार दिवस सातारा सोडायला त्यांना निमित्त हवेच होते. ‘येतो आहे’ एवढेच कार्ड पुढे पाठवून, पाकीट खिशात घालून त्यांनी कऱ्हाडची एसटी धरली आणि तिथून कडेगावची. वाटभर उसाचे ट्रॅक्टर आडवे आले. आपण पोहोचूच नये असे काही होईल का, याची पंतांनी बरीच वाट पाहिली.

लालासाहेब स्टँडवर न्यायला आले होते. “बुकं लय मोठी हुती वाटतं,” एवढेच म्हणाले आणि पिशवी हातातून घेतली. जेवताना पंतांच्या ओठांवर उत्तर दोनदा आले. एकदा लालासाहेबांच्या पत्नी साळूबाईंनी वर तूप वाढले, एकदा वीरधवलने सातारच्या थंडीची चौकशी केली. तुपात आणि थंडीत ते विरघळून गेले. सकाळी सांगू, असे पंतांनी ठरवले.

पंपाच्या सवयीने त्यांना अंधारातच जाग आली. सोप्यातून पाहिले तर लालासाहेब घोंगडे पांघरून गोठ्याच्या कट्ट्यावर बसले होते. स्वयंपाकघराचे दार उघडले आणि पूजा वाफाळता मग घेऊन अंगण ओलांडून गेली. तो तिने गव्हाणीच्या भिंतीवर ठेवला.

“दात न्हाई घासलं,” लालासाहेब म्हणाले.

“माहीत आहे मामंजी. निकाल लागेपर्यंत गोठ्याच्या हद्दीत चालतंय.”

लालासाहेबांनी चहा संपवला, मग स्वतः मग विसळला. कुणी सांगितले नाही तरी ब्रश घेऊन नळावर गेले, खळाखळा चुळा भरल्या, आणि मगच उंबरा ओलांडून आत गेले. आत दुसरा चहा झाला. पूजा भाकरी थापता थापता त्यांच्याकडून फौजेतली कुठलीशी गोष्ट काढून घेत होती आणि म्हातारा खुशीत सांगत होता. साळूबाई अंगणात बोटाने मिश्री लावत बसल्या होत्या. पंतांकडे पाहून म्हणाल्या, “मला कुणी इचारलं न्हाई त्येच बरं झालं. माजी च्याच्या आधीबी आस्ती आन मागनंबी.”

पंत नळावर गेले तेव्हा पूजा घागर घेऊन आली.

“काका, उत्तर आणलंय?”

पंतांचा हात खिशावर गेला. “आणलंय.”

“काय आहे ते सांगू नका.” तिने घागर नळाखाली लावली. “आधी मी रोज पोस्टमनची वाट बघायची. मग म्हटलं, पत्र येईपर्यंत त्यांचे हाल कशाला, म्हणून चहा बाहेर न्यायला लागले. तर तेही आपणहून दात घासून आत यायला लागले. आता उत्तर आलं की दोघांतल्या एकाला उठावं लागणार. ह्यांनी सांगलीत खोलीही बघून ठेवलीय.”

“पण तुमचंच बरोबर निघालं तर?”

“तर ते वस्तीवर जाऊन एकटे राहतील. शब्द दिलाय भावकीसमोर. थंडी बघताय ना.”

“मग तुम्ही दोघांनीच बोलून मिटवा की.”

इतकी पुस्तके वाचलेल्या माणसाला एवढेही कळू नये, अशा नजरेने पूजाने त्यांच्याकडे पाहिले. “मी माघार घेऊ? आणि ते घेतील? फौजी माणूस घरात ठेवून बघा एकदा.”

एवढ्यात भावकी येऊ लागली. पंत आले, निकाल लागणार, ही बातमी गावभर झाली होती. अंगणात घोंगड्या पडल्या. लालासाहेबांचे चुलतभाऊ अर्जुना सगळ्यांत पुढे बसले. भांडण कुणाचे का असेना, निकाल ऐकायला त्यांना आवडे.

“हं पंत,” ते म्हणाले. “आधी का मागनं?”

दाराआड पूजाचा पदर दिसत होता. लालासाहेब कुणाकडेच न पाहता रिकाम्या मगाच्या तळाशी बघत बसले होते. आता बदलीचा हुकूम यायचा आहे तसे. पंतांच्या खिशात पाकीट होते. एवढ्या माणसांसमोर ते आयुष्यात कधी बोलले नव्हते.

“मला,” ते म्हणाले, “अजून खात्री नाही.”

“म्हंजी?”

“ग्रंथांत एकमत नाही.”

“येवढी बुकं वाचून?”

“वाचली म्हणूनच.”

भावकीत कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणाले, “निस्तं वाचतंय वाटतं म्हातारं.” दुसरा म्हणाला, “आमचं पोरगं चौथीत हाय, त्येनं सांगितलं आसतं.” अर्जुनांनी टोपी झटकली. “मग आलासा कशाला गाडीभाडं खर्चून?”

पंतांचे कान तापले. खिशातले पाकीट बाहेर काढायचे आणि एका शब्दात आपली विद्वत्ता सिद्ध करायची, इतके सोपे होते ते. आपल्याला काही येत नाही असे त्यांना नेहमीच वाटे. पण ते चारचौघांत कबूल करायला लागणे, आणि तेही येत असताना, हा अनुभव नवा होता.

“उशीर होतोय, एवढं सांगायला आलो,” ते म्हणाले. “उत्तर लेखी पाठवीन.”

भावकी हिरमुसून उठली. लालासाहेबांनी मग खाली ठेवला आणि घसा खाकरला. पंतांना सोडायला ते स्टँडपर्यंत चालत आले, काखेत गुळाची ढेप. गाडी लागल्यावर ढेप पंतांच्या मांडीवर ठेवून म्हणाले, “लेखी पाठवा. न्हाईतर भावकी मला बसू द्याची न्हाई.” मग खिडकीची दांडी धरली. “पर सावकाश लिवा पंत. गडबड न्हाई. इषय लय खोल हाय.”

साताऱ्याला आल्यावर पंतांनी पाकीट फाडले आणि साधे कार्ड घेतले. कार्ड मुद्दाम. ते पोस्टमन वाचणार, अर्जुना वाचणार, ज्याला ज्याला वाचता येते तो वाचणार. त्यांनी लिहिले :

‘श्री. लालासाहेब यांस स. न. वि. वि. आपल्या प्रश्नासंबंधी ग्रंथांत, वैद्यकात व लोकमतात एकवाक्यता आढळत नाही. माझा अभ्यास चालू आहे. यास काही वर्षे लागतील असे दिसते. तोवर घरात सध्या आहे तीच व्यवस्था चालू ठेवावी. कुणीही कुठे जाऊ नये. चि. पूजास आशीर्वाद. आपला, वि. मोघे.’

विनोदिनीबाईंनी खांद्यावरून वाचले. “काही कळत नाही, हे लिहायला एवढे महिने?”

“हो,” पंत म्हणाले.

कोपऱ्यावरच्या पेटीत त्यांनी कार्ड सोडले. ते आत पडल्याचा आवाज ऐकला. वळले तर निकम गुरुजी उभे. पहाटेच्या जागरणाने डोळे तांबडे.

“टाकलंत एकदाचं? मग शेवटी काय ठरलं, आधी की नंतर?”

“ते ठरलेलं नाही,” पंत म्हणाले. इतक्या ठामपणे आपण आजवर काही बोललो होतो का, हे त्यांना आठवेना. चपला वाजवीत ते घरी निघाले.